बर्फावर थांबणारे टायर

जुळे सोलापुरात टायरच्या दुकानात आम्ही नवराबायको स्कूटरचं पंक्चर काढायला थांबलो होतो. शेजारी एकजण फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला टायर निवडत होता. ऐन थंडीत काश्मीरला निघाला होता. वांगं दाबून बघावं तसा तो प्रत्येक रबरात अंगठा रुतवायचा आणि मऊ लागलं की हसायचा. बायको बघतच राहिली. मी मंडईतून निवडून आणलेल्या वांग्यांकडं ती अशी कधी बघत नाही.

"चारही चाकं ओढतात, मग वेगळे टायर कशाला?" तिनं त्याला विचारलं.

"ओढतात की वहिनी. पण बर्फावर थांबवायला असा मऊ टायरच लागतो."

"वा," ती म्हणाली. माझा नुसता जळफळाट.

परतताना मी मुद्दाम करकचून ब्रेक दाबला. "बघ, आपलीपण थांबते."

"थांबणारच की," मागून बायको म्हणाली. "तिला जायचंय कुठं?"