हलगी थांबलेलं मैदान

हलगी थांबली आणि मी माइकवर बोलतच राहिलो. कोयनाकाठच्या त्या मैदानाभोवती माणसं दाटीवाटीनं बसली होती. एक नंबरच्या, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात मोठ्या कुस्तीचे दोन्ही पैलवान लंगोट कसून, अंगाला माती चोळून उभे होते. आणि एवढ्या गर्दीत आवाज फक्त माझा. तोही कुणी ऐकत नव्हतं.

मी कुस्ती मैदानांचा निवेदक. पाटण, सातारा, सांगली, जिथं जत्रा तिथं मी. एरवी शाळेत खेळाचा शिक्षक, म्हणून सगळे 'सर' म्हणतात. बाहेरच्याला वाटतं, निवेदक म्हणजे नावं पुकारणारा. तसं नाही हो. कुस्ती रेंगाळली तर किस्सा सांगायचा, पोरगं नवं असेल तर त्याच्या गावाचं आणि वस्तादाचं, म्हणजे त्याला शिकवणाऱ्या गुरूचं नाव घ्यायचं, पाहुणे उशिरा आले तर वेळ मारून न्यायची. पण खरं सांगू? मैदान मी चालवत नाही, हलगी चालवते. ठेका चढला की पैलवानाच्या अंगात वारं भरतं आणि मागच्या रांगेतला म्हातारासुद्धा मांडी थोपटतो. हलगीशिवाय कुस्ती म्हणजे मिठाशिवाय रस्सा.

आमच्या मैदानाची हलगी किसनतात्यांची. हलगीचं कातडं सैल पडलं की आवाज बसतो, म्हणून वाजवणारा ती मधूनमधून जाळावर शेकतो. तात्यांनी मैदानाच्या कडेला उसाच्या पाचटाचा जाळ केला होता. नेमका पाहुण्यांचा रस्ता तिथूनच होता. आमच्या भागातले मोठे नेते, आप्पा, एक नंबरची जोड लावायला येणार होते. जोड लावायची म्हणजे दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. तो पाहुण्याचा मान.

आप्पांच्या आधी त्यांचा सहायक प्रशांत गाडीतून उतरला. कडक इस्त्री, काळा गॉगल, कानात वायर. धूर बघून त्याचं डोकं फिरलं.

"कचरा पेटवायला हीच जागा घावली व्हय रं?" असं म्हणून त्यानं जाळाला लाथ घातली.

शेकायला धरलेली हलगी तात्यांच्या हातातून निसटली आणि निखाऱ्यात पडली. कातडं जळून फाटलं. वर हा म्हणतोय, "सरक मागं, सायबांची गाडी आत घ्यायचीय."

माझं टाळकंच सटकलं. पण हातात माइक होता, म्हणून जीभ चावली. तात्यांनी फाटलेली हलगी निखाऱ्यातून ओढून काढली. माझ्या चौथऱ्यापाशी येऊन खाली बसले.

संयोजक होते आमचे सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले. ते धावत आले. "तात्या, दुसरी हलगी हाय न्हवं?"

"हाय की."

"मग वाजवा."

"हात उठत न्हाई, सुभेदार. नातवाच्या वयाचं पोरगं भर मैदानात मला रं म्हणालं. लाथ घातली. आता कसं वाजवू?"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. तोवर आप्पाही येऊन खुर्चीत बसले होते. मी चौथऱ्यावरून उतरून आप्पांच्या खुर्चीपाशी गेलो आणि हळूच म्हणालो, "आप्पा, तुमच्या माणसाकडून चूक झाली. तुम्ही दोन शब्द बोललात की मैदान सुरू होईल."

"सर, तो आमचा स्टाफ न्हाई. एजन्सीचा माणूस हाय, कॉन्ट्रॅक्टवर. त्यो वैयक्तिक कसा वागतोय, तेचा माजा काय संबंध?"

"मग त्याला तरी माफी मागायला सांगा."

"चौकशी करू. दोनी बाजू ऐकून घिऊ. असं लगीच ठरवायचं नसतंय."

मला हसावं की रडावं कळेना. मागच्याच वर्षी, ह्याच मैदानात, विरोधी गटाच्या नेत्याच्या ड्रायव्हरनं गाडी पार आखाड्यापर्यंत घुसवली होती आणि अडवणाऱ्या पंचाला ढकललं होतं. तेव्हा आप्पांनी माझ्या हातातून माइक घेतला होता. "पठ्ठ्या चुकला तर वस्ताद चुकला! ड्रायव्हर चुकला तर नेता चुकला! नेत्यानं माफी मागितल्याबिगर मैदान हलणार न्हाई!" बिचाऱ्या नेत्यानं मागितली माफी. लोकांनी आप्पांना डोक्यावर घेतलं होतं.

मी म्हटलं, "आप्पा, गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होता..."

"ती गोष्ट येगळी हुती."

"कशी?"

"त्यो ड्रायव्हर पगारी हुता."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दुसरं काय!

इकडं शिट्ट्या सुरू झाल्या. ऊन कलायला लागलं होतं. पैलवानांची अंगं गार पडत होती. सुभेदार कानाशी लागले, "सर, वढून न्या कसंतरी. एखादा किस्सा सांगा." मी सांगितला. माझा हुकमी किस्सा, त्यावर माणसं हसून लोळतात. एकजणही हसला नाही. मग मीही वैतागलो आणि माइकवर सरळ सांगून टाकलं, "मंडळी, आपल्या किसनतात्यांचा इथं अपमान झालाय. त्यांची हलगी जाळात गेलीय. म्हणून मैदान थांबलंय."

पुढच्या रांगेत ज्ञानू वस्ताद बसले होते. वय झालेलं, पाठीला बाक, पण फेटा ताठ. त्यांनी विचारलं, "कुनाच्या मानसानं केलं?"

सुभेदार म्हणाले, "आप्पांच्या."

"मग आप्पा काय म्हंतोय?"

"त्यांचा संबंध न्हाई म्हणत्यात."

वस्ताद उठले. पायातल्या वहाणा काढल्या आणि काठी टेकत मातीत उतरले. आप्पा तरुणपणी त्यांच्याच तालमीत घुमलेले, म्हणजे कुस्ती शिकलेले, हे आमच्या भागात पोराटोरालाही माहीत होतं.

"पठ्ठ्या कबूल करत न्हाई, तर चूक वस्तादाची," ते मोठ्यानं म्हणाले. "माजंच शिकवायचं ऱ्हायलं आसंल. मी मागतो तात्यांची माफी."

आणि ते तात्यांच्या दिशेनं चालू लागले. मी माइक खाली केला.

आप्पा खुर्चीवरून ताडकन उठले. "वस्ताद, थांबा! आवं थांबा!" म्हणत थेट मातीत धावले. चारी बाजूंनी ओरडा झाला, "बूट! बूट काढा!" आखाड्यात पायताण चालत नाही. आप्पा मागं पळाले, बूट कसेबसे ओढून फेकले आणि पुन्हा धावले. वस्तादांच्या आधी तात्यांपाशी पोहोचले आणि वाकले.

"तात्या, चुकलो. माणूस माजा, चूक माजी."

"लाथ तुमी न्हाई घातली," तात्या म्हणाले.

"न्हाई घातली. पर घालणाऱ्याला गाडीत घालून मीच आणला."

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मग पिशवीतून दुसरी हलगी काढून त्यांच्या हातात दिली. "मग शेका."

तालुक्याचा नेता पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उकिडवा बसला. प्रशांतला हाक गेली. गॉगल खिशात घालून तो मुकाट पाचट गोळा करू लागला. धुरानं दोघांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. "चुकलं माजं, तात्या," प्रशांत खोकत खोकत म्हणाला आणि त्यानंही हलगी धरली. तात्या त्याला म्हणाले, "लांबनं धर रं, न्हाईतर ही बी जाळशील!" आणि अख्खं मैदान खदखदून हसलं. आप्पाही हसले, वस्तादही हसले. आजवर इतकी मैदानं बोललो, पण तेवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मग हलगी कडाडली. आप्पांनी काळ्या झालेल्या हातांनी जोड लावली. कुस्ती अशी रंगली की मी काय बोललो ते मलाच आठवत नाही. घिस्सा डावावर एकाची पाठ मातीला लागली आणि फेटे आभाळात उडाले.

हल्ली आप्पा सभेसभेतून हा प्रसंग सांगतात. "नेत्यानं स्वतः माफी मागायची असती. मी मागितली!" त्यात वस्ताद मात्र नसतात. सांगलीकडच्या एका मैदानात आप्पांनी तो सांगितला, तेव्हा मी माइकवर हळूच म्हटलं, "वस्तादही होते त्या वेळी." आप्पा हसून म्हणाले, "व्हते की! न्हाईतर मी कशाला पळतोय?"

माणूस आपला की परका, यावर नेत्यांचे नियम बदलतात. तो माझ्या हातातला विषय नाही. पण आता कुणी मैदान ठरवायला आलं आणि पाहुण्यांची नावं सांगू लागलं, की मी एवढंच विचारतो, "यांच्या वस्तादांना बोलावलंय ना?"