झिपऱ्याच्या पंजाचे केस

पवनीच्या हेमराज निमजेंचा हात म्हणजे हात! साडी विणून झाली की वर राहिलेली सुताची टोकं ते दोन बोटांत ताठ ओढत आणि मुळाशी कात्रीने उडवत. डोळे रस्त्यावर, गप्पा शेजाऱ्याशी, तरी कापडाला कधी इजा नाही. या हाताचा त्यांना भारी गर्व, आणि गर्वाचं घर कुठे असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मुलगी कीर्ती नोकरीसाठी नागपूरला गेली आणि तिचा केसाळ कुत्रा झिपऱ्या आईबापांकडे राहिला. पंजाखालचे केस वाढले, तसा तो फरशीवर घसरू लागला. कीर्तीने फोनवर बजावलं, "बाबा, बोथट टोकाची लहान कात्री घ्या. केस ओढू नका. विंचरून वरवर कापा, आन् आईले धरायले सांगा."

"आता तू मले कात्री शिकवून राहिली काय?" हेमराज हसले.

बायको शोभाताई बाजारातून यायच्या होत्या. तेवढ्यात उरकून टाकू, म्हणून हेमराजांनी मागावरचीच कात्री घेतली. "दे पंजा," म्हणताच झिपऱ्याने दिला. बोटांमधला झुपका त्यांनी सवयीने ताठ ओढला आणि मुळाशी कात्री चालवली. सुताचं टोक ओढलं तर त्यामागे कापड येत नाही. केसांमागे कातडी आली होती. कुत्रा केकाटला. फरशीवर रक्त सांडलं.

फडक्याने दाबून धरल्यावर रक्त थांबलं. तोवर शोभाताई दारात. हेमराज बोलून गेले, "आंगणात काच लागली त्याले."

मग काय! आदल्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या कौशल्याबाईंची, उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी यांच्याच अंगणात फुटली होती. शोभाताईंनी पदर खोचला आणि कुंपणाशी जाऊन मुक्या जनावराच्या नावाने त्यांना नको नको ते ऐकवलं. म्हातारी खराटा घेऊन आली. "मायी गलती झाली," म्हणत, दुखरी कंबर वाकवून यांचं अंगण झाडू लागली.

हेमराज ओसरीवर बसून पाहत होते. लाजेने कानशिलं तापली. आईच्या वयाची बाई आपल्या खोट्याचा केर काढते आहे, आणि आपण गप्प! म्हातारी झाडत झाडत पायरीपाशी आली, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"राहू द्या काकू. काच नोहती. मायाच हातानं कापला त्याचा पाय."

खराटा थांबला. "मंग मी कायले झाडून राहिली, बापा?"

शोभाताईंनी खोचलेला पदर सोडला. हेमराजांनी म्हातारीच्या हातून खराटा घेतला आणि उरलेलं अंगण मान खाली घालून झाडलं. मग झिपऱ्याला गुरांच्या डॉक्टरकडे न्यायला हाक मारली.

झिपऱ्या लंगडत आला, शेपटीही हलवली. पण त्यांच्यासमोर बसला तो चारही पंजे पोटाखाली घेऊन.