सुलाबाईची अर्धी सातवी

निपाणीपासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका गावात सरकारी मराठी शाळा आहे, आणि त्या शाळेत सुलाबाई अकरा वर्षं बिसीऊट शिजवते. बिसीऊट म्हणजे पोरांचं दुपारचं गरम जेवण. शब्द कानडी आहे, पण पोटात कावळे ओरडायला लागले की भाषा कोण बघतो?

स्वयंपाकखोली आणि सातवीचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत. भिंतीला एक खिडकी, आणि खिडकीला तावदान नाही. त्यामुळं अकरा वर्षांत सातवीच्या अकरा तुकड्या शिकून निघून गेल्या आणि सुलाबाई जागच्या जागीच राहिली. एकच इयत्ता अकरा वेळा ऐकणारी विद्यार्थिनी अख्ख्या तालुक्यात शोधून सापडायची नाही.

आता ऐकणं म्हणजे कसं, तर कुकरच्या मेहेरबानीनं. महादेव गुरुजी गणित शिकवायचे. "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज..." एवढं म्हणाले की नेमकी शिट्टी व्हायची. तीन वर्षं तिला ती बेरीज कळली नाही. चौथ्या वर्षी बाईनं सरळ गॅस बंद केला आणि खिडकीला कान लावला. एकशे ऐंशी! त्या दिवशी पोरांना डाळ कच्ची मिळाली, गुरुजींनी वहीत शेरा मारला, पण बाई दिवसभर खुशीत होती. विज्ञान तर तिला घरचंच वाटायचं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे गुरुजी मोठ्या ऐटीत सांगायचे. सुलाबाईला ते तीस वर्षांपासून ठाऊक होतं. फक्त त्याला विज्ञान म्हणतात आणि त्याचे दोन मार्क मिळतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

एक घोळ होता. गणित, विज्ञान, मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळे तास सकाळी. समाज विज्ञान, म्हणजे आपला इतिहास-भूगोल, जेवणानंतर. आणि जेवणानंतर सुलाबाई शाळेच्या मागं, नळावर, दीडशे ताटांच्या राड्यात. त्यामुळं तिची सातवी अर्धी पक्की आणि अर्धी कोरी. पृथ्वीवर किती खंड आहेत म्हणून विचारलं तर ती म्हणायची, "ते भांडी घासायच्या टायमाला असतंय."

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी तिचा मुलगा दीपंकर खोटं बोलला.

दीपंकर बेळगावात बँकेत ऑफिसर. त्याच्या लेकीचा, पारमिताचा वाढदिवस होता. कॅम्पातल्या त्याच्या भाड्याच्या घरी साहेबलोक आले होते. मॅनेजरच्या बायकोनं, रूपाली मॅडमनी, अगदी गोड आवाजात विचारलं, "आई, तुमचं शिक्षण किती झालंय हो?" सुलाबाईनं तोंडातला केक गिळून उत्तर द्यायच्या आत दीपंकर बोलून मोकळा झाला, "सातवी. त्या काळातली सातवी."

सुलाबाई सहावीत असताना तिला शाळेतनं काढून तंबाखूच्या वखारीत घातलं होतं. सातवीचं तोंडसुद्धा तिनं बघितलं नव्हतं. पोराला हे माहीत होतं. ती बेळगावहून निपाणीला येईपर्यंत एसटीत खिडकीला डोकं टेकून बसली. तिला वाईट वाटलं ते खोट्याचं नव्हे. आपला पोरगा आपल्याला लाजला, ते तिच्या काळजाला लागलं. घरी आल्यावर नवऱ्याला, भीमसेनला म्हणाली, "पोरगं खोटं बोललंय. आता ते खरं कराया पायजे."

"त्याच्या कानफटात मारायची सोडून तू कुठं परीक्षा देतीस?" भीमसेन म्हणाला.

"कानफटात मारून सर्टिफिकेट मिळत न्हाय."

बाहेरून सातवीला बसता येतं, हे तिला शाळेतच ऐकून माहीत होतं. निपाणीतल्या ऑनलाइन सेंटरात जाऊन तिनं फॉर्म भरला. शाळेत मात्र पत्ता लागू दिला नाही. नापास झालं तर? उद्या सांबार वाढताना पोरं खिदळतील, आणि महादेव गुरुजी आधीच कच्च्या डाळीवरनं खार खाऊन होते. राहिला प्रश्न समाज विज्ञानाचा. शाळेतलं पुस्तक मागायची सोय नाही. निपाणीत घ्यावं तर पुस्तकाचा दुकानदार गुरुजींचा साडू. शहाणी बाई! रविवारी उठली, एसटी पकडली, आणि कागलला जाऊन तिथनं सातवीचं गाईड घेऊन आली. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं एकात. वर दुकानदारानं कव्हर फुकट घालून दिलं.

सीमेवरची माणसं अशीच. तेल कुठं स्वस्त, डिझेल कुठं स्वस्त, ते बघून इकडनं तिकडं जायचं. कागल आपलंच, मराठी आपलीच, सातवी ती सातवीच. मधे एक राज्य संपून दुसरं सुरू झालंय, हे तेलाच्या डब्याला कुठं कळतंय? पण गाईडाला कळतं, बरं का.

पाच महिने सुलाबाई ते गाईड कोळून प्याली. भरती-ओहोटी पाठ केली, तेही समुद्र एकदाच बघितलेला असताना. ऋतू, वारे, माती, सगळं तोंडपाठ. संध्याकाळी भीमसेनला समोर बसवून घडाघडा म्हणून दाखवायची. भीमसेन गाईड हातात धरून मान डोलवायचा. एकदा तिनं विचारलं, "बराबर हाय का?"

"त्ये मला कळत न्हाय," भीमसेन म्हणाला, "पर तू म्हणतीस म्हंजे असंलच."

परीक्षेचं केंद्र चिक्कोडीत. पहिल्याच दिवशी दारातला शिक्षक तिला बघून म्हणाला, "बाई, चहा तिकडं स्टाफरूममध्ये." सुलाबाईनं पदराखालनं हॉलतिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं. बिचारा ओशाळला आणि तिला पंख्याखालचा बाक दिला. गणित झकास गेलं. विज्ञानात हळद आली, तिनं दोन मार्कांच्या प्रश्नाला अख्खं पान लिहिलं. इंग्रजी कसंबसं ढकललं. मराठी, कन्नड ठीक.

शेवटच्या दिवशी समाज विज्ञान. पेपर हातात आला आणि सुलाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. म्हैसूरचे वोडेयर? उत्तर अमेरिकेतली सरोवरं? ह्यातलं एक अक्षर गाईडात नव्हतं. तिला आधी वाटलं, पेपर बदललाय. शेजारच्या बाकावर मष्णू म्हणून चाळिशीचा एक गडी होता, शिपायाच्या नोकरीसाठी बसलेला. तो खाली मान घालून सरासरा लिहीत होता. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेपर कर्नाटकाचा होता, गाईड महाराष्ट्राचं. अकरा वर्षं कर्नाटक सरकारचा तांदूळ शिजवून बाई अभ्यासाला परराज्यात गेली होती!

रडून उपयोग नव्हता. उत्तर अमेरिकेत सरोवरं असतील तर जवळपास समुद्रही असणार, म्हणून तिनं तिथं भरती-ओहोटी घातली. वोडेयर राजांच्या राज्यातली माती कशी सुपीक होती, ते लिहिलं. फक्त संविधानाचा प्रश्न आला तेव्हा बाईनं पदर खोचला. तो विषय तिला गाईडानं नव्हे, गावातल्या बुद्धविहारानं शिकवला होता. उद्देशिका तर तिला झोपेतनं उठवली तरी म्हणता येते. त्या एका प्रश्नासाठी तिनं पुरवणी मागून घेतली.

मे महिन्यात निकाल लागला. पाच विषयांत पास. समाज विज्ञानात एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात.

तिनं त्याच दुपारी दीपंकरला फोन करून सगळं सांगितलं, वाढदिवसापासनं कागलपर्यंत. दीपंकरनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जाऊ दे आई. तू सातवी का सहावी, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," सुलाबाई म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही. नापास झाल्याचं दुःख तिनं गिळलं असतं, पण "कुणाला कळतंय" हे काही केल्या घशाखाली उतरेना.

महिनाअखेरीस दीपंकरनं बेळगावात स्वतःचं घर घेतलं. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि चहाच्या वेळेला तीच बँकेतली मंडळी हॉलमध्ये जमली. सुलाबाई मुद्दामच कोपऱ्यात बसली होती. नको तो विषय निघायला, असं मनात म्हणत होती. पण रूपाली मॅडमनी बहिणीला बरोबर आणलं होतं, आणि त्या कौतुकानं सांगायला लागल्या, "ह्या दीपंकरच्या आई बरं का. त्या काळातल्या सातवी पास!"

सुलाबाईनं खाली बघितलं. दीपंकर चहाचा ट्रे घेऊन मधोमध उभा होता. गप्प राहिला असता तर झाकून गेलं असतं. सगळे हसून चहा प्याले असते.

"न्हाय मॅडम," तो म्हणाला. इतकी वर्षं बेळगावात छापील मराठी बोलणारा पोरगा, त्याच्या तोंडून घरची भाषा निघाली. "मी खोटं बोललो होतो. आईला सहावीतनं तंबाखूच्या वखारीत घातलं. माझं खोटं खरं कराया ती औंदा सातवीला बसली. नापास झाली. पुढच्या महिन्यात परत बसणार हाय. आणि मी अभ्यास घेणार हाय."

वर्षभर छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं सुलाबाईला झालं. पण नापास हा शब्द असा उघडा पडलेला तिला बघवेना.

"एकाच विषयात," ती कोपऱ्यातनं म्हणाली. "चार मार्कांनी."

मग ती उठून मधे आली, खुर्चीवर नीट बसली, आणि गणितापासून सुरुवात करून एकेका विषयाचे मार्क सांगू लागली. इंग्रजीपर्यंत येईस्तोवर चहाला कुणी हात लावला नाही.