जांबोटीच्या डोंगरावरचा करडा पट्टा

उपग्रह खोटं बोलत नाही, असं आमच्या ऑफिसात भिंतीवर फ्रेम करून लावलंय. खरं म्हणजे तो बोलतच नाही. बोलतो आम्ही, तेही महिन्याच्या रिपोर्टात.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी मूळचा निपाणीचा. तंबाखूच्या धुळीत वाढलो. आता बेळगावात उपग्रहाच्या चित्रांवर वणव्याचा धूर आणि उडती धूळ यांच्या खुणा करतो. दर अर्ध्या तासाला नवं चित्र येतं. नियम एकच — पट्ट्याखाली उष्णतेचा ठिपका नसेल, तर 'धूळ' लिहायचं.

मार्चमधली दुपार. साडेबाराच्या चित्रात जांबोटीमागच्या डोंगरावरून एक करडा पट्टा निघालेला... ठिपका नाही. कडांच्या खुणा केल्या, 'धूळ' लिहिलं. पण त्याच उतारावर माझे दाजी रोज म्हशी चारतात. आक्काला फोन लावला.

"धूर? हितं आभाळ निळंशार हाय रं! बेळगावात बसून आमास्नी आमचाच डोंगर दावतोस व्हय?"

"दाजींना खाली आण."

"वर रेंज न्हाय. मला चढून जावं लागंल. आन् ते श्या देतील ते येगळंच."

"देऊ देत. जा गं, आक्का."

ती गेली. एकच्या चित्रात पट्टा नव्हता. दीडच्याही नाही. उगाच बाईला उन्हात चढवलं, असं वाटायला लागलं.

दोनच्या सुमारास दाजींचा फोन. "लई शाणा झालास? धूर न्हाय, काय न्हाय. म्हशी अर्ध्या पोटी आणल्या!"

तीनला तो उतार पेटला. दाजी जेवून ज्या जांभळाखाली आडवे होतात, ते बुंध्यापर्यंत जळालं.

संध्याकाळी साहेबांना दाखवायला साडेबाराचं चित्र उघडलं, तर डोंगर स्वच्छ. "डोळे तपासून घ्या," साहेब म्हणाले. घेतले; नंबर तोच आहे. फाईल बदललेली नव्हती. माझ्या खुणा मात्र होत्या — आणि साडेतीनच्या चित्रातला खरा धूर त्यांच्या आत तंतोतंत बसत होता.

कारण मला आजही माहीत नाही. दाजींना त्याची गरज वाटत नाही. ते रोज म्हशी सोडण्याआधी फोन करतात, "जाऊ काय रं?" मी चित्र बघून सांगतो, "जावा."

ढगाळ दिवशी चित्रात फक्त ढग असतात. तेव्हाही 'जावा'च सांगतो.