सोमवारपर्यंत विचारायचं नाही

बायको दिल्लीत केंद्र सरकारी नोकरीत. तिने पुण्याला बदली मागितली होती, कारण तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथे पडल्या होत्या आणि आता एकट्याने जिना उतरू शकत नव्हत्या. आदेश कधीही निघणार होता. त्याच सुमारास तिच्या ऑफिसात सजगतेचं, म्हणजे माइंडफुलनेसचं, प्रशिक्षण झालं आणि तिने घरात नियम केला: हातात आहे तेवढंच करायचं. सोमवारी ती कामावर जाईपर्यंत आदेशाबद्दल कोणी कुठे विचारायचं नाही.

"विशेषतः तू," ती म्हणाली. "मोड यायला बांधलेले मूगही तू सारखे सोडून बघतोस."

मी बातमीदार. शनिवारी सकाळी तिच्या मंत्रालयातल्या एका ओळखीच्या माणसाला दुसऱ्याच कामासाठी फोन केला आणि ठेवता ठेवता तेही विचारलं.

"भाभीजी का नाम नहीं है इस बार," तो म्हणाला.

आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये, बाल्कनीतल्या उन्हात ती मटार सोलत होती. मीही शेंगा घेऊन समोर बसलो. श्वासाकडे लक्ष द्यायला गेलो, तर तोही घाईत होता. खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. उठून पाणी प्यायलो, बसलो, पुन्हा उठलो.

"बस ना यार."

बसलो. थोड्या वेळाने तिने माझ्यापुढचं पातेलं ओढून पाहिलं. दाण्यांत सालं पडली होती.

"विचारलंस."

"हो."

"दोन दिवस दम निघाला नाही? बोल आता."

"यादीत नाव नाही."

मी लगेच पुढचं सांगायला लागलो: पुन्हा अर्ज करू, अमक्याला भेटू, आईंना इकडेच आणू.

"थांब रे. जरा नुसतं असू दे."

हातातली शेंग तिने सोलून संपवली. मग आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, या वेळी नाही झालं."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी तोंड उघडलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. फोनमधून पुण्यातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. माझा पाय तिच्या हाताखाली हलतच होता, पण मी उठलो नाही.