घट्ट पाणी

अर्धांगवायूनंतर आप्पांना, माझ्या वडिलांना, साधं पाणी गिळता येईना. ते श्वासनलिकेत जायचं. डॉक्टरांनी पाणी घट्ट करायची पावडर लिहून दिली. ती एकदम टाकली की गुठळ्या होतात, वरून ओल्या, आतून कोरड्या. म्हणून मी एका हाताने ती भुरभुरवत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचे. पाणी पेजेसारखं होईपर्यंत आप्पा माझ्या हाताकडे बघत बसायचे. आयुष्यभर तांब्या उंच धरून, ओठ न लावता घटाघट पाणी प्यायलेला माणूस आता पाणी चमच्याने खात होता.

एका दुपारी त्यांनी तोंड फिरवलं. अडखळत म्हणाले, "सुमे, पाणी दे."

"हे पाणीच आहे, आप्पा."

"हे नको. पाणी."

पाण्याची चव त्याच्या पातळपणात असते, हे मला तेव्हा कळलं. तरी मी चमचाच पुढे केला. त्यांनी मुकाट्याने गिळलं.

पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तोंडात पाणी घाल गं." मी साधं पाणी घातलं. ते ओठांच्या कडेने उशीवर ओघळलं.