पथारीवरचं कुलूप

भागाअक्काला गप्प बसता येत नाही. लग्नात जेवायला बसली तरी वाढप्याने पंगतीत कोणाला डावललं यावर हिचं लक्ष. स्वतःच्या पानात काय पडलं ते नंतर. अशा बाईशी मैत्री करणं म्हणजे रोज एक भांडण अंगावर घेणं. मी ती केली आणि मला तिचा अजून कंटाळा आलेला नाही.

आम्ही दोघी दोंडाईच्याजवळ मिरचीच्या पथारीवर कामाला. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. तिथे आम्ही बायका दिवसभर बसून देठ खुडतो. हातांची अशी आग होते की ताक चोळलं तरी थांबत नाही. मालक धनसिंगनानांनी पथारीवर संडास बांधलाय, फरशीचा, नळाचा. त्याला कुलूप आणि किल्ली मुकादम अभिमनच्या खिशात.

"तो व्यापारीसना शे," अभिमन म्हणायचा. "तुम्हले बाभूयनी काय कमी शे?"

मिरचीच्या हातांनी, धुवायला पाणी नसताना, बाई बाभळीमागे गेली तर काय होतं ते मी लिहीत नाही. ज्याला कळत नसेल त्याने एकदा देठ खुडून लघवीला जाऊन यावं. म्हणून आम्ही पाणीच पीत नव्हतो. आमच्यातली पुनम पोटुशी, तीही पीत नव्हती. एका दुपारी ती मिरचीच्या ढिगाशेजारी चक्कर येऊन पडली.

अक्काने मोबाइल काढला. पडलेली पुनम घेतली, कुलूप घेतलं आणि मोबाइल सरळ अभिमनच्या तोंडासमोर धरला. चोर तर चोर वर शिरजोर! गड्याने हसत हसत तेच बाभळीचं वाक्य पुन्हा म्हटलं, वर मिशीवरून हात फिरवला. आता हा सापडला, असं मला वाटलं.

पण आमच्या खानदेशात बिनगाण्याचा व्हिडिओ म्हणजे बिनमिठाची भाजी. हळद असो, डोहाळे असोत, माणूस गेला तरी फोटोखाली गाणं लागतंच. अक्कानेही लावलं, वरातीतलं, डीजेवरचं. पुनम पडलेली दिसते तिथे वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. मग मोबाइल भरला म्हणून मूळ व्हिडिओ पुसून टाकला. तो गाण्याचा व्हिडिओ जामनेरपर्यंत फिरला आणि लोकांनी कळवलं, "अक्का, गानं भारी शे!"

तक्रार घेऊन आम्ही कामगार कार्यालयातल्या साहेबांकडे गेलो. त्यांनी दोनदा बघितलं. "बाई, हा माणूस काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. गाण्याशिवायचा आहे का?"

नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आम्ही खात होतोच, आता तोंड आम्हीच दाबलं होतं. अभिमन पथारीवर तेच गाणं मोठ्याने वाजवू लागला. अक्काला त्याने कामावरून काढलं. मला अक्काचाच संताप आला आणि मी तो तिच्या अंगणात उभी राहून तिला ऐकवला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चुकनं," ती म्हणाली. "परत करसू."

दुसऱ्या सकाळी ती पथारीच्या फाटकाबाहेर, सरकारी रस्त्यावर उभी. मोबाइलवर लाइव्ह चालू. गाणं नाही, फुलं नाहीत. तिने आत बघून हाक मारली, "दिपमाला, ये. नाव सांग. हात दखाड."

दिपमाला म्हणजे मी. काम गेलं तर दुसरं कोण देणार होतं? तरी गेले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, लाल झालेले हात पुढे केले आणि पाणी का पीत नाही ते भडाभडा बोलले. माझ्या मागून पुनम आली. मग एकेक करत सगळ्याच आल्या, ज्या घरात सासूपुढे बोलत नाहीत त्यासुद्धा.

अभिमन धावत आला. "बंद कर ते! नहीते तुम्हले बठ्ठीसले कामवरथीन काढी टाकसू! संडास तुम्हनासाठे नही शे!"

"अजून बोल," अक्का म्हणाली आणि मोबाइल त्याच्या आणखी जवळ नेला. शब्दन् शब्द लोकांनी ऐकला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुढच्या आठवड्यात तपासणीची गाडी आली आणि कुलूप निघालं.

त्यानंतर धनसिंगनानांनी अक्काला पथारीवर बोलावलं. आम्ही सगळ्याही सोबत गेलो. नाना खुर्चीत, आम्ही उभ्या.

"झालं ना तुन्हा मनसारखं? आते तो व्हिडिओ काढी टाक. उद्यापासून कामवर ये. मी काही मनमा ठेवाव नही."

अक्काला कामाची गरज होती. घरी तिच्याशिवाय कमावणारं कोणी नाही, हे नानांना माहीत होतं आणि आम्हालाही.

"नाना," ती म्हणाली, "व्हिडिओ काढी टाका तं कुलूप परत लागी. मी काढाव नही."

"मग काम नही."

"नही ते नही," म्हणून ती वळली आणि चालायला लागली. कोणी कोणाला खूण केली नाही. पुनम तिच्यामागे वळली, मी वळले, मग बाकीच्या.

नाना खुर्चीतून उठले. पथारीभर मिरची पसरलेली होती, व्यापाऱ्यांचे ट्रक फाटकाशी उभे होते आणि देठ खुडणारे सगळे हात रस्त्याने निघाले होते.

"भागाबाई!" नानांनी मागून हाक मारली. "थांब ना... सकायले ये."

अक्काने मान वळवली नाही. "व्हिडिओ ऱ्हाई," तिने पुढे बघतच सांगितलं.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले.